जुनी पिकअप घेतली, आता तिचं रबर-प्लास्टिक-रेक्झिन कसं सावरायचं?

(ऐकण्यापेक्षा वाचणं सोयीचं वाटतं त्यांच्यासाठी या भागाचं शब्दांकन. बोलण्यातली पुनरुक्ती थोडी छाटली आहे, बाकी भाषा बोलीचीच ठेवली आहे.)

मागच्या भागात जुनी पिकअप घेताना इंजिन, चासी आणि कागदपत्रं कशी बघायची यावर बोललो होतो. त्यावर जे प्रश्न आले त्यात एक प्रश्न निरनिराळ्या शब्दांत पुन्हा पुन्हा आला. गाडी घेतली, इंजिन ठणठणीत आहे, हप्ताही सुरू झाला, पण बंपर पांढरा पडलाय, दाराचं रबर लोंबतंय, सीट फाटलीय, डॅशबोर्डला तडे आहेत. हे सगळं परत ठीकठाक करता येईल का, आणि किती पैसे घालायचे?

यालाच गॅरेजच्या भाषेत ट्रिमचं काम म्हणतात. इंजिन नाही, पत्रा नाही, असं जे उरतं ते ट्रिम. बाहेरचं काळं प्लास्टिक, चाकावरच्या कमानी, आरशाचे खोके, काचेच्या पट्ट्या, दाराचं बीडिंग. आणि आत सीट, दाराचे पॅड, डॅशबोर्ड, छताचं कापड, खालचं मॅट. ‘ते काय, शोभेचं सामान’ असं म्हणून आपण ते सोडून देतो. आज मला सांगायचंय ते नेमकं उलट. ट्रिममधलं बरंचसं सामान पाणी अडवायला असतं, आणि ते पाणी अडलं नाही तर दोन पावसाळ्यांत केबिनचा पत्रा खालून सडतो. म्हणून कामाचा क्रम महत्त्वाचा. आधी पाणी, मग बसायची जागा, आणि पॉलिश अगदी शेवटी.

बहुतेक गाड्यांच्या बाबतीत होतं काय? गाडी वॉशिंग सेंटरवर जाते, तिथला पोरगा बाटलीतलं चकचकीत काहीतरी डॅशबोर्डपासून टायरपर्यंत सगळीकडे फासतो, गाडी आठवडाभर नवरीसारखी दिसते. विकणारेही हेच करतात, बरं का. जुनी गाडी बघायला गेलात आणि प्लास्टिक ओलसर, तेलकट चमकत असेल, तर ती चमक कालची आहे असं समजा आणि फडक्यानं पुसून खाली काय आहे ते बघा.

तर पाण्यापासून सुरुवात करू.

दाराचं काम हाती घ्यायच्या आधी दार अर्धवट उघडा आणि टोकाला धरून वर उचलून बघा. कटकट करत वर-खाली हलत असेल तर बिजागरीची पिन झिजली आहे. मालवाहू गाडीत ड्रायव्हरचं दार दिवसातून पन्नास वेळा उघडतं, शिवाय चढताना माणूस त्याच दाराला लोंबकळतो, त्यामुळे ते खाली उतरतंच. उतरलेल्या दाराला कितीही महागडं बीडिंग लावा, वरच्या कोपऱ्यात फट राहणारच. आधी पिन-बुश बदलून घ्या, दार चौकटीत नीट बसवून घ्या. मग रबर.

रबर चांगलं आहे की गेलं, हे बघायला कागदाचा एक कपटा पुरतो. चौकटीत कागद धरा, दार लावा, कागद ओढा. अडकून ओढत आला तर रबर दाबतंय. सुळकन निघाला तर त्या जागी पाणी आणि धूळ दोन्ही आत येणार. चौकटभर सात-आठ ठिकाणी बघा. दुसरी परीक्षा पाण्याची. एकानं टॉर्च घेऊन केबिनमध्ये बसायचं, दुसऱ्यानं बाहेरून पाईप धरायचा. पाणी खालून सुरू करून हळूहळू वर न्यायचं. वरून एकदम ओतलं तर पाणी नेमकं कुठून शिरलं ते कळतच नाही. खालून वर गेलात तर ज्या उंचीला पहिला थेंब दिसला तीच जागा दोषी. आणि जोराचा प्रेशर वॉशर नको, त्यानं चांगल्या रबराखालूनही पाणी घुसतं.

बीडिंग बदलायचं तर गाडीच्या मॉडेलचंच घ्या. मीटरवर मिळणारं ‘सगळ्याला चालतं’ वालं घेऊ नका. त्याची जाडी थोडी जास्त निघाली तर दार लागत नाही, मग आपण जोरात आपटतो आणि लॉकची वाट लागते. पुण्यात नाना पेठ, मुंबईत कुर्ल्याचा सीएसटी रोड, अशा ठिकाणी जुन्या मॉडेलचं बीडिंगही मिळून जातं. जाताना जुन्या बीडिंगचा वीतभर तुकडा कापून खिशात टाका. दुकानदाराला मॉडेलचं वर्ष सांगण्यापेक्षा तो तुकडा दाखवणं जास्त खात्रीचं. बसवताना सांधा चौकटीच्या खालच्या बाजूला येऊ द्या, रबर ताणू नका. ताणून बसवलेलं रबर काही महिन्यांत आक्रसतं आणि सांध्यात फट पडते. आधी सगळं बसवा आणि मगच शेवटचं टोक कापा.

आता अशी एक गोष्ट, जी बऱ्याच गॅरेजमध्येही कुणी सांगत नाही. दाराच्या काचेवरून जे पाणी ओघळतं, त्यातलं थोडं दाराच्या पोटात जाणारच. गाडी तशीच बनवलेली असते. ते पाणी आतल्या आत खाली उतरतं आणि दाराच्या तळाशी असलेल्या दोन-तीन बारीक भोकांतून बाहेर पडतं. आणि ते केबिनकडे येऊ नये म्हणून दाराच्या आतल्या पॅडमागे एक प्लास्टिकचा कागद चिकटवलेला असतो. दिसायला अगदी साधा, दुधाच्या पिशवीसारखा. पण काम त्याचंच. काचेची मशीन बिघडली की मेकॅनिक पॅड काढतो, तो कागद टराटरा फाडतो, मशीन बदलतो आणि कागदाशिवाय पॅड परत बसवून मोकळा होतो. गाडी दहा वर्षांची असेल आणि एकदा तरी काचेचं काम झालं असेल, तर तो कागद जागेवर असण्याची आशा कमीच. मग पावसात पॅडचा पुठ्ठा भिजून फुगतो, पॅडच्या क्लिपा सुटतात, पाणी उंबऱ्यावरून मॅटखाली जातं. मालक मात्र नवीन बीडिंग बदलत बसतो.

म्हणून दाराचं पॅड एकदा काढाच. अवघड नाही. हात धरायच्या दांड्याचे स्क्रू असतात, कधी छोट्या झाकणाखाली लपलेले. काच फिरवायचं हँडल काही गाड्यांत स्क्रूवर असतं, तर काहींत मागे घोड्याच्या नालासारखी तारेची क्लिप असते. त्या क्लिपसाठी सुती फडक्याची पट्टी हँडल आणि पॅड यांच्या मधे घालायची आणि चपला पुसतात तशी दोन्ही टोकं धरून मागे-पुढे ओढायची, क्लिप टणकन सुटते. कुठे उडते त्यावर लक्ष ठेवा, नाहीतर अर्धा तास ती शोधण्यात जातो. मग पॅडच्या कडेला चपटं प्लास्टिकचं हत्यार घालून एकेक क्लिप सोडवायची. स्क्रू ड्रायव्हर वापरणार असाल तर त्याला कापड गुंडाळा, आणि जिथे क्लिप आहे अगदी तिथेच जोर लावा. दोन क्लिपांच्या मधे ओढलं तर पुठ्ठा फाटतो. गाडीत पॉवर विंडो असेल तर आधी बॅटरीची निगेटिव्ह काढून ठेवा.

पॅड निघालं की तळाची भोकं तारेनं मोकळी करा. चिखल, वाळलेली पानं, कधी धान्याचे दाणे, काय काय निघतं. कागद नसेल तर जाड प्लास्टिक कापून ब्युटाइल टेपनं चिकटवा आणि त्याची खालची कड दाराच्या पोटात आत वळवून सोडा, म्हणजे थेंब आतच पडतील. त्यासाठी खिडकीला लावतात ते सिलिकॉन वापरू नका. ज्या सिलिकॉनला व्हिनेगरसारखा आंबट वास येतो त्यातून ॲसिटिक ॲसिड सुटतं, आणि उघड्या पत्र्याला त्यानंच गंज धरतो. पॅड बसवताना क्लिपा नव्या घाला. एक क्लिप पाच-दहा रुपयांना मिळते, आणि जुनीच दाबून बसवली की पुढची दोन वर्षं रस्त्याच्या प्रत्येक खड्ड्याला दार खडखडतं.

समोरच्या काचेखाली वायपरची जी जाळी असते तिकडेही एकदा बघा. गाडी झाडाखाली उभी राहत असेल तर तिथे पानांचा थर साठतो, पाण्याची वाट तुंबते आणि पाणी थेट डाव्या पायाशी येतं.

आता मॅट. मॅट पूर्ण उचला. नुसता कोपरा नाही, सीट काढून अख्खं. खालचा जाड नमदा ओला असेल तर तो उन्हात वाळवून परत घालू नका, फेकून द्या. तो स्पंजसारखा पाणी धरतो आणि पत्रा खातो. पत्र्यावर नुसता लालसर थर असेल तर तारेच्या ब्रशनं घासा, गंज थांबवणारं द्रावण लावा, वाळलं की रेड ऑक्साइड किंवा एपॉक्सी प्रायमर, त्यावर रंग. बोटानं दाबून पत्रा दबत असेल तर मात्र ते डेंटिंगवाल्याचं काम आहे, वरून रंग मारून काही साधणार नाही.

गाडीत आधी काय माल वाहिला ते मॅटखालीच कळतं. कोकणातली मासळीची गाडी असेल तर बर्फाचं खारं पाणी केबिनमागच्या सांध्यांत मुरलेलं असतं. खताची गाडी असेल तर युरिया-डीएपीची पूड ओल धरून पत्रा पोखरते. दुधाची गाडी वासावरून कळते, आणि तो वास सुगंधी बाटली टांगून जात नाही. मॅट काढून, धुऊन, दार उघडं ठेवून दोन-तीन दिवस कडक ऊन द्यावं लागतं.

आणि पूर. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगली-कोल्हापूरला आणि जुलै २०२१ मध्ये चिपळूण-महाडला पाणी भरलं, तेव्हा असंख्य गाड्या बुडाल्या. बुडालेली गाडी धुऊन-पुसून दुसऱ्या जिल्ह्यात विकली जाते, हे काही गुपित नाही. बाहेरून कळत नाही, ट्रिम काढली की कळतं. सीट बेल्ट पूर्ण शेवटपर्यंत ओढा. आत जो भाग कायम गुंडाळलेला असतो त्यावर मातकट रेघ दिसली तर समजून जा. सीटच्या रुळाखाली, दाराच्या पॅडमागे, डॅशबोर्डखालच्या वायरींच्या जुडग्यात बारीक गाळ बघा. तसं आढळलं तर सीट कव्हरवर खर्च करायच्या आधी वायरिंग आणि ब्रेक तपासून घ्या.

बसायच्या जागेकडे येऊ. इथे मी सगळ्यात जास्त पैसे घालायला सांगेन, कारण ड्रायव्हर तिथे दिवसाचे दहा-दहा तास काढतो. पण नुसतं कव्हर बदलण्यात अर्थ नाही. आधी खालचा सांगाडा बघा. वेल्डिंग तुटलंय का, रुळाचा खटका नीट अडकतो का. चालत्या गाडीत सीट सरकली तर ब्रेकपर्यंत पाय पोचत नाही. मग फोम. जुना फोम मधे खोल बसलेला असतो, त्यावर माणूस एका बाजूला कलून बसतो आणि महिनाभरात कंबर बोलायला लागते. कुशनवाल्याला सांगून खाली कडक आणि वर थोडा मऊ असा दोन थरांचा फोम करून घ्या, आणि करताना स्वतः बसून बघा, कारण उंची अर्धा-पाऊण इंचानं बदलली तरी समोरचं दिसणं बदलतं. कव्हर शिवताना बेल्टचं कुलूप कव्हरखाली गाडलं जाणार नाही हेही सांगा. हे फार होतं, आणि मग ‘बेल्ट सापडत नाही’ म्हणून कुणी लावतच नाही.

रेक्झिन की कापड? रेक्झिन म्हणजे कापडावर पीव्हीसीचा थर. त्याला मऊ ठेवायला जे द्रव्य घातलेलं असतं ते उष्णतेनं हळूहळू उडून जातं, म्हणून जुनं रेक्झिन कडक होऊन शिवणीपाशी तडकतं. समोरच्या काचेवर आतून जो चिकट धुरकट थर येतो ना, त्यात याचाही वाटा असतो. उडून गेलेलं द्रव्य कुठलंही क्रीम परत घालत नाही, त्यामुळे तडकलेल्या रेक्झिनवर तेल चोळत बसू नका. शेतातून, बाजारातून चिखलाच्या कपड्यांनी चढणारी माणसं असतील तर रेक्झिनच बरं, ओल्या फडक्यानं साफ होतं. विदर्भातल्या उन्हाळ्यात मात्र नुसत्या रेक्झिनवर बसणं म्हणजे शिक्षा. कडेला रेक्झिन आणि मधे जाड कापड हा माझ्या मते सगळ्यात शहाणपणाचा मार्ग. ज्या छोट्या गाड्यांत इंजिन सीटखाली असतं त्यांत सीट काढलीच आहे तर झाकणाभोवतीचं रबर आणि उष्णतारोधक थर जरूर बदला. नाहीतर उष्णता, आवाज आणि धूर तिन्ही केबिनमध्ये.

डॅशबोर्डची धूळ ब्रशनं काढा, मग बादलीभर पाण्यात थोडासा शाम्पू आणि पिळलेलं फडकं. तडा बारीक असेल तर राहू द्या. खूप तडे असतील तर वरून चिकटवायचं कव्हर मिळतं किंवा भंगारातून चांगला डॅशबोर्ड मिळतो. काढून बसवायचा खर्च त्या तुकड्याच्या किमतीपेक्षा जास्त होऊ शकतो, ते आधी विचारून घ्या. स्टिअरिंगमध्ये एअरबॅग असलेली नवी गाडी असेल तर त्या भागाला घरी हात लावायचा नाही.

एक गोष्ट ठासून सांगतो. चकाकीचं पॉलिश स्टिअरिंगला, पेडलच्या रबराला, पायाखालच्या मॅटला आणि सीटला लावायचं नाही. त्यातलं सिलिकॉन निसरडं असतं. पावसात भिजलेली चप्पल आणि पॉलिश केलेलं ब्रेकचं पेडल एकत्र आलं तर काय होईल ते सांगायला नको. वॉशिंग सेंटरवर गाडी देताना हे आधीच बजावा, कारण तिथे ते आपुलकीनं सगळीकडे लावतात. डॅशबोर्डच्या वरच्या भागालाही चमक नकोच, दुपारी त्याचं प्रतिबिंब समोरच्या काचेत पडून रस्ता दिसेनासा होतो.

आता बाहेरचं काळं प्लास्टिक, ज्याच्यासाठी तुम्ही हा भाग उघडलात. (बंपर पत्र्याचा असेल तर हे त्याला लागू नाही.) हे बहुतेक पॉलिप्रॉपिलीन असतं आणि काळा रंग वरून मारलेला नसतो, मिसळलेलाच असतो. मग ते पांढरं का पडतं? उन्हातल्या अतिनील किरणांनी वरच्या थरातल्या साखळ्या तुटतात, पृष्ठभागावर नुसत्या डोळ्यांना न दिसणाऱ्या भेगा पडतात, आणि त्यांच्यावर प्रकाश विखुरला की राखाडी दिसतं. कोरडी काळी फरशी फिकट दिसते आणि ओली केली की काळीभोर, तोच प्रकार. म्हणूनच कुठलंही तेल चोळलं तरी प्लास्टिक क्षणात काळं होतं, आणि तेल गेलं की पुन्हा पांढरं.

यातूनच परीक्षा निघते. बंपरवर पाणी मारा. ओला असताना सगळीकडे सारखा काळा दिसला तर तो वाचवता येईल. ओला असतानाही पांढरे डाग, खडबडीत भेगा राहिल्या तर बदला किंवा रंगवा.

वाचवायचा असेल तर नव्वद टक्के काम सफाईचं. साबणाचं पाणी आणि मऊ ब्रश, खाचाखाचांत. गाडीला पॉलिश करताना कडेला लागलेलं मेण पांढरं होऊन बसतं, ते साध्या पेन्सिलच्या खोडरबरानं निघतं. मग मेडिकलच्या दुकानातलं सर्जिकल स्पिरिट फडक्यावर घेऊन पुसा, फडकं काळं यायचं थांबेपर्यंत. पूर्ण वाळलं की मगच काळं करणारं द्रव्य. पाण्यात मिसळलेलं, दुधासारखं दिसणारं ड्रेसिंग स्वस्त, पण धुण्यागणिक उतरतं. सिरॅमिक किंवा कोटिंग म्हणून मिळतं ते महाग, पातळ थरात लावायचं, सावलीत, आणि जास्तीचं लगेच पुसायचं. ते जास्त टिकतं. वर्षातून एकदा हात लावायचा असेल तर दुसरं, दर पंधरा दिवसांनी गाडी स्वतः धुत असाल तर पहिलं पुरे.

घरगुती उपायांबद्दल. डिझेल चोळणं सगळ्यात जुनं आणि सगळ्यात वाईट. दाराची, काचेची रबरं बहुतेक ईपीडीएम जातीची असतात, आणि डिझेल, ऑइल, ग्रीस लागलं की ती फुगून लिबलिबीत होतात. रबरासाठी ग्लिसरीन किंवा सिलिकॉन ग्रीस, तेही बोटाला लागेल एवढंच. खोबरेल तेलावर धूळ बसते, आणि आपल्याकडे धुळीची काय कमी? कांद्याच्या हंगामात लासलगावला दोन चकरा मारल्या की बघायलाच नको. जवसाचं तेल काही जण सांगतात. ते वाळून थर धरतं हे खरं, पण त्यात भिजलेली फडकी चोळामोळा करून कोपऱ्यात टाकली तर आपोआप तापून पेट घेऊ शकतात. वापरलंच तर फडकी पसरून वाळवा किंवा पाण्यात बुडवून टाका. आणि हीट गनचे व्हिडिओ. वरचा थर वितळून काळेपणा परत येतो, पण उन्हानं खाल्लेलं काही भरून येत नाही, काही महिन्यांत पुन्हा पांढरं. जरा जास्त वेळ एका जागी धरलं की बंपरला पोक येतं. मी तरी सुचवणार नाही.

रंगवायचं ठरलं तर पॉलिप्रॉपिलीनला रंग सहज धरत नाही हे लक्षात ठेवा. आधी प्लास्टिकचा वेगळा प्रायमर मारावाच लागतो, नाहीतर महिन्याभरात रंग साप कात टाकतो तसा पदरापदरानं निघतो. ‘प्रायमर कोणता मारणार?’ हे पेंटरला विचारा, उत्तरावरून माणूस कळतो. चमकता काळा न घेता मॅट काळा घ्या, ओरखडे कमी दिसतात. आणि ज्या भागाला रंग द्यायचा तिथे आधी सिलिकॉनचं पॉलिश लावलेलं असेल तर पेंटरला सांगा, कारण त्याचा अंश जरी राहिला तरी रंगात माशाच्या डोळ्यासारखे गोल खड्डे पडतात.

हेडलाइट पिवळा पडला असेल तर तेही उन्हाचंच काम. काच आहे की प्लास्टिक ते नखानं टकटक करून कळतं. प्लास्टिक असेल तर टूथपेस्टनं तात्पुरतं उजळतं, पण कारखान्यातून आलेला संरक्षक थर गेलेला असतो, त्यामुळे लवकरच परत पिवळं. नीट करायचं तर पाणी लावून आधी हजार आणि मग दोन हजार नंबरचा पेपर, मग पॉलिश, आणि त्यावर अतिनील किरण अडवणारा क्लिअर कोट. हा शेवटचा थर जो देत नाही त्याला पैसे देऊ नका. रात्री घाट उतरताना उजेड किती पुढे पडतो यावर बरंच काही अवलंबून असतं.

सजावटीच्या नादात पासिंग विसरू नका. मालवाहू गाडीला आठ वर्षं होईपर्यंत दर दोन वर्षांनी आणि नंतर दरवर्षी फिटनेस लागतो. त्यात रिफ्लेक्टर पट्ट्या बघतात: पुढे पांढरी, मागे लाल, बाजूंना पिवळी. रंगकाम करताना निघाल्या तर नव्या, मान्यताप्राप्त लावा. २०१२ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर काचेवरच्या काळ्या फिल्मला दंड आहे. समोर लोखंडी गार्ड बसवायचा मोह होईल, पण डिसेंबर २०१७ मध्ये केंद्रीय परिवहन मंत्रालयानं राज्यांना त्यावर कारवाई करायला सांगितलंय. अख्ख्या गाडीचा रंग बदलणार असाल तर आरसीवर नोंद करून घ्यावी लागते.

हौद्याबद्दल थोडक्यात. फाळक्याच्या बिजागऱ्या आणि साखळ्यांना ग्रीस, तळाला जाड रबरी मॅट टाकत असाल तर ते महिन्यातून एकदा उचलून खाली कोरडं करायचं, आणि चाकामागचे मडफ्लॅप फाटलेले असतील तर आजच बदला. सगळा चिखल-खडी त्याच पत्र्यावर उडते. हौद्याचा विषय खरं तर वेगळ्या भागाचा आहे, तो करूच.

एका श्रोत्यानं विचारलंय, ‘सगळं एकदम करायला पैसे नाहीत, पावसाळा दीड महिन्यावर आलाय, काय करू?’ दादा, दोन्ही दारांचे पॅड काढून आतला कागद आणि भोकं, मग बीडिंग, मग मॅटखालचा गंज. सीटचा फोम जमला तर याच महिन्यात, नाहीतर दिवाळीला. बंपर पांढरा राहिला तरी माल तेवढाच भरतो.

तुमच्या गाडीचं मॉडेल, वर्ष आणि आधी कोणता माल वाहायची ते लिहून प्रश्न पाठवा, म्हणजे नेमकं उत्तर देता येईल. भेटू पुढच्या भागात.